जुनी फायबरग्लास डक बोट घेताना: काय तपासायचं आणि किती द्यायचे

जुनी डक बोट बघायला गेलेला नवखा माणूस आधी रंग बघतो. इतर बोटींच्या बाबतीत ते एक वेळ चालून जातं, पण बदकांच्या शिकारीसाठी वापरलेल्या बोटीचा रंग काहीच सांगत नाही. ती मुद्दाम मातकट, सुकलेल्या गवताच्या रंगाची आणि बिनचमकीची ठेवतात. चिखलातून ओढतात, कालवांच्या शिंपल्यांवर घासतात, जानेवारीत पातळ बर्फ फोडत नेतात. त्यामुळे उत्तम स्थितीतली बोटही दिसायला भंगार वाटते, आणि ऑगस्टमध्ये दोन डबे रंग फासून उभी केलेली आतून कुजलेली बोट फोटोत झकास दिसते. फायबरग्लास स्वतः कुजत नाही. कुजतं ते त्याच्या पोटात बंद केलेलं लाकूड, आणि तिथवर पाणी पोचतं ते स्क्रूच्या भोकांतून. बोट तपासणं म्हणजे मुख्यतः ही भोकं शोधणं आणि किंमत ठरवणं म्हणजे त्या भोकांनी किती नुकसान केलंय त्याचा हिशेब मांडणं.

मी जे सांगतोय ते अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याबद्दल, त्यातही न्यू जर्सीच्या बार्नेगॅट उपसागराच्या आसपासचं आहे. लाँग आयलंड, डेलावेअर, चेसापीक इथेही बहुतेक सगळं लागू पडेल. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला, त्यामुळे इथे आलेल्या मराठी माणसाला या बोटींची काही कल्पना नसते. शिकार न करता नुसते पक्षी बघायला किंवा फोटो काढायला उथळ खाडीत जाणाऱ्यांनाही ही बोट फार सोयीची पडते, तपासणी तीच.

शिकारीसाठीच घेणार असाल तर बोटीच्या आधी कागद बघा. एच-वन-बी, एल-वन अशा व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. राज्याचे बंदुकीचे नियम त्याहून वेगळे, तेव्हा वकिलाला विचारूनच पुढे जा. सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येक शिकाऱ्याला २५ डॉलरचा फेडरल डक स्टँपही लागतो. हा स्टँप १९३४ सालापासून आहे आणि त्याचे पैसे पाणथळ जमिनी विकत घेऊन राखायला जातात. बार्नेगॅटलगतच्या एडविन बी. फोरसाइथ अभयारण्यातली कितीतरी जमीन त्यातूनच आली. शिकार न करणाऱ्यांनीही तो जरूर घ्यावा.

आधी पाणी ठरवा

डक बोट हा एकच प्रकार नाही. या भागातली मूळ बोट म्हणजे बार्नेगॅट स्नीकबॉक्स. वेस्ट क्रीक गावच्या हेझल्टन सीमनने १८३६ साली ती पहिल्यांदा बांधली असं मानतात. साधारण बारा फूट लांब, पांढऱ्या सीडरच्या लाकडाची, पुढून पळीसारखी गोल, वरून जवळजवळ पूर्ण झाकलेली आणि पाण्याला इतकी लागून की लोक तिला सैतानाची शवपेटी म्हणत. आज फायबरमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच डक बोटी तिच्याच वंशातल्या: खालून चपट्या, कडेने डेक, म्हणजे वरचं झाकण, मध्ये माणसाला लपायला खोलगट जागा आणि चहूबाजूंनी गवत लावायच्या पट्ट्या.

बारा-चौदा फुटी बोट दलदलीतल्या अरुंद नाल्यांसाठी. उघड्या उपसागरात दोन माणसं, कुत्रा आणि डेकॉय, म्हणजे पाण्यावर मांडायची नकली बदकं, घेऊन जायचं असेल तर सोळा-सतरा फूट आणि उंच कडा हव्यात. लेआउट बोट हा तिसरा प्रकार: त्यात एकच माणूस आडवा पडून राहतो आणि सोबत सांभाळणारी दुसरी बोट लागते. पहिली बोट म्हणून ती घेऊ नका. डिसेंबरमध्ये इथलं पाणी इतकं थंड असतं की पडलेल्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत चालेनासे होतात. दोन बोटींत अडखळलात तर मोठी घ्या. नाल्यात थोडं कमी आत जाता येईल, पण वारा उठला तर परत याल.

कुठली बोट कशी असते ते एकाच जागी बघायचं असेल तर सप्टेंबरच्या शेवटी टकरटनला ओशन काउंटीचा डेकॉय अँड गनिंग शो भरतो, तिथे जा. बोटींचे मालक बोटींपाशीच उभे असतात आणि भरभरून बोलतात.

कधी शोधायची

न्यू जर्सीचा किनारी विभागातला हंगाम जानेवारीच्या अखेरीस संपतो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, बोट अंगणात अडचण करत असते तेव्हा, माणूस विकायला तयार असतो आणि घेणारे कमी असतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सगळ्यांनाच बोट हवी असते. तीच बोट, भाव मात्र चढलेला. शिवाय वसंतात बघितलेली बोट हिवाळाभर जशी उभी होती तशीच दिसते, नवा रंग चढायच्या आत.

फोनवर विचारायचं ते

गाडी काढायच्या आधी चार गोष्टी विचारा. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, तुमच्याच नावावर आहे का? ट्रेलरचं वेगळं टायटल आहे का? बोट उघड्यावर होती की छपराखाली? आणि इंजिन शेवटचं कधी सुरू केलं? न्यू जर्सीत बारा फुटांहून लांब बोटीला टायटल लागतं. "कागद हरवलेत, पण काही प्रॉब्लेम येणार नाही" हे उत्तर आलं तर बोट कितीही स्वस्त असो, त्याने आधी डुप्लिकेट काढून आणावं, मग बोलणी.

हलचा, म्हणजे बोटीच्या मूळ अंगाचा, क्रमांक (एचआयएन) फोटो काढून पाठवायला सांगा. ट्रान्समच्या, म्हणजे मोटर लावायच्या मागच्या उभ्या फळीच्या, बाहेरच्या अंगाला उजव्या वरच्या कोपऱ्यात तो कोरलेला असतो. नोव्हेंबर १९७२ पासून तो सक्तीचा आहे आणि त्यात बारा अक्षरं-आकडे असतात. पहिली तीन अक्षरं कारखान्याची, पुढची पाच त्या बोटीची, शेवटची चार तारखेची. १९८४ नंतरच्या बोटीवर शेवट 'जी ३ ०४' असा असेल तर बोट २००३च्या जुलैत बनली आणि मॉडेल २००४चं आहे. महिने ए म्हणजे जानेवारी या क्रमाने चालतात. टायटलवरचा क्रमांक आणि बोटीवरचा क्रमांक अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. तो खरवडलेला किंवा रंगाखाली पार बुजवलेला असेल तर तिथेच थांबा.

आतल्या बाजूला क्षमतेची पाटी असते: किती माणसं, एकूण किती वजन, जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर. वीस फुटांखालच्या कारखानी मोटरबोटींना ती लागतेच. पाटीच नसेल आणि क्रमांक राज्याने दिलेला असेल तर बोट बहुधा घरी बांधलेली आहे. पुष्कळ हौशी लोक डेव्हलिनसारख्या आरेखकांच्या नकाशांवरून प्लायवुडची बोट बांधून वरून फायबर चढवतात आणि विकताना 'फायबरग्लास बोट' म्हणतात. अशा बोटी चांगल्याही असतात, पण त्या मुळात लाकडाच्या असतात. त्यांना आणि साच्यातून काढलेल्या बोटीला एकच भाव लावू नका. आत डेकखाली टॉर्च मारला की प्लायवुडच्या रेषा किंवा फळ्यांचे सांधे दिसतात.

हल तपासताना

घाई करायची नाही. कोरडा दिवस निवडा, बोट रिकामी करून ठेवायला सांगा, आणि सोबत न्या: चांगला टॉर्च, प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर, चार फुटी सरळ पट्टी, गुडघ्याखाली घ्यायला जुनं गोणपाट.

सुरुवात ट्रान्समपासून. बहुतेक बोटींत ती फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवुड घालून केलेली असते आणि मोटरचं सगळं ओझं तिच्यावर येतं. माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, तसं इथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दर दोन-तीन इंचांवर ठोकत जायचं. चांगल्या जागी आवाज टणक, मूठ उसळून परत येते. लाकूड ओलं किंवा सुटलेलं असेल तिथे आवाज भद्द येतो आणि मूठ जागीच बसते. आधी वरच्या कोपऱ्यात ठोकून चांगला आवाज कानात भरून घ्या, मग खाली या. कूज बहुधा खालून सुरू होते: पाणी काढायच्या बुचाची पितळी नळी, खोली मोजायच्या यंत्राचे स्क्रू, मोटरचे खालचे बोल्ट.

मग मोटर अर्धवट वर उचलून लॉक करा, तिच्या खालच्या टोकाला धरून वरखाली दाबा आणि दुसऱ्याला ट्रान्समकडे बघायला सांगा. फळी जरासुद्धा वाकता कामा नये. आतल्या कोपऱ्यांत, जिथे ट्रान्सम बाजूंना मिळते, तिथे भेगा उघडझाप करताना दिसल्या तर ती बदलावी लागणार. मोटरच्या बोल्टांखालच्या चकत्या फायबरमध्ये रुतल्या असतील तर आतलं लाकूड मऊ पडलंय.

शंका उरली आणि विक्रेत्याने होकार दिला तर आतल्या बाजूने, पाण्याच्या रेषेखाली, एक अष्टमांश इंचाचं भोक पाडून बघावं. ड्रिलवर येणारा भुसा फिकट आणि कोरडा असेल तर छान. काळपट, ओला, बोटात चुरता लगदा होणारा आला तर उत्तर मिळालं. भोक लगेच इपॉक्सीने बुजवून द्यायचं, ही आपली जबाबदारी. नकार दिला म्हणून माणूस खोटा ठरत नाही, पण मग ट्रान्सम खराब आहे असं धरूनच भाव लावायचा.

आता डक बोटीचं खास दुखणं. साध्या मासेमारीच्या बोटीला जितकी भोकं असतात त्याच्या कितीतरी पट इथे असतात: लपायच्या ब्लाइंडची चौकट, गवताच्या पट्ट्या, वल्ह्यांच्या कड्या, बंदुकीचा रॅक, कुत्र्याची फळी, समोरचा पाणी अडवायचा कापडी पडदा. प्रत्येक मालक आपलं काहीतरी बसवतो, आधीच्याचं काढतो, भोक तसंच ठेवतो. प्रत्येक स्क्रू बघा. डोक्याभोवती तपकिरी ओघळ आहे का? स्क्रू नुसता गरगर फिरतो का? भोकं कशाने बुजवलीत? मरीन सीलंट असेल तर मालक जाणता. घरातल्या बाथरूमचं सिलिकॉन असेल तर पाणी केव्हाच आत गेलं असेल आणि त्या जागी आता दुसरं काही नीट चिकटणारही नाही. डेक जिथे प्लायवुड किंवा बाल्साचं हलकं लाकूड घालून केलेलं असतं तिथे पाणी एका भोकातून शिरून आडवं पसरत जातं, म्हणून प्रत्येक ब्रॅकेटभोवती हातभर अंतरापर्यंत ठोकून बघा. नंतर डेकवर आणि आतल्या तळावर टाचेवर भार देत चाला. पाय दबला तर ती जागा खडूने आखा. डाग तळहाताएवढा आहे की दारभर, यावरून पुढचा हिशेब फिरतो.

जेलकोटवरच्या, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावरच्या, बारीक भेगांनी घाबरू नका, पण त्या कशा पसरल्यात ते बघा. एका बिंदूतून चहूकडे गेलेल्या भेगा म्हणजे कधीतरी बसलेला ठोका. शेजारीशेजारी समांतर गेलेल्या भेगा म्हणजे ती जागा वाकते आहे, आतला आधार सुटलाय. दुसऱ्या प्रकारच्या भेगांना पैसे लागतात.

पुढच्या टोकाला पाण्याच्या रेषेत नखाएवढा रुंद, आडवा घासलेला पट्टा दिसेल. तो पातळ बर्फाने कापलेला असतो. जेलकोट गेलाय पण खालचं फायबरचं कापड शाबूत आहे, तर किरकोळ काम. कापडाचे धागे मोकळे होऊन केसाळ झाले असतील तर त्यात पाणी शिरून गोठत-वितळत राहिलंय आणि थर सुटायला लागलेत. तिथे ठोकून बघाच. तीच गोष्ट तळाच्या मधल्या कण्याची: कालवांवर आणि बोट-रॅम्पच्या काँक्रीटवर घासून तो झिजतो. गोणपाट टाकून खाली आडवे व्हा आणि हात फिरवा, हाताला डोळ्यांपेक्षा जास्त कळतं. सरळ पट्टी तळाच्या मागच्या भागाला लांबीच्या दिशेने लावा. वर्षानुवर्षं चुकीच्या ट्रेलरवर उभ्या असलेल्या बोटीच्या तळाला खोलगट बाक येतो आणि तशी बोट वेगात नाक खुपसते. हा दोष सहजी निघत नाही.

नवा रंग दिसला तर बाहेरून शोधू नका, आतून शोधा. डेकखाली हात घालून फायबरची मागची बाजू चाचपा. कारखान्याच्या विणीचा खरखरीतपणा सगळीकडे एकसारखा लागतो. मध्येच गुळगुळीत किंवा गाठाळ थिगळ लागलं, किंवा रेझिनचा ताजा उग्र वास आला, तर तिथे नुकती दुरुस्ती झालीय. दुरुस्ती वाईट नसते. लपवलेली दुरुस्ती वाईट. सरळ विचारा, आणि कामाचे फोटो आहेत का ते विचारा. मन लावून काम करणारा माणूस फोटो काढतोच.

ओलावा मोजायचं यंत्र कुणाकडे असेल तर वापरा, पण त्याच्या आकड्याला एकट्याला किंमत देऊ नका. एकाच बोटीच्या उंच, कोरड्या जागेशी तुलना करूनच ते वाचायचं असतं. पावसात उभी असलेली किंवा कालच पाण्यातून काढलेली बोट सगळीकडे ओलीच दाखवते.

पोटातलं पाणी

डेकखाली आणि तळाखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. तो पाणी पीत नाही असं म्हणतात, पण वर्षानुवर्षं पाण्यात बसला की पितो. एक घनफूट पाणी ६२ पौंडांहून जास्त भरतं, म्हणजे अशा पाच घनफूट फोमने सोळा फुटी बोटीत अदृश्यपणे दीड-दोन माणसं बसवल्यासारखं होतं. ट्रेलरचा दांडा उंच करून बूच काढा आणि काय येतं ते बघा. पावसाचं स्वच्छ पाणी आलं तर हरकत नाही. तपकिरी, कुबट वासाचं पाणी येत राहिलं तर ते लाकडातून झिरपून येतंय.

खात्रीचा उपाय वजन. ट्रकस्टॉपवरच्या काट्यावर थोड्या पैशांत बोट ट्रेलरसकट तोलून मिळते. ट्रेलरचं वजन त्याच्या पाटीवरून किंवा कंपनीकडून, मोटरचं तिच्या माहितीपत्रकातून, कारखान्याने दिलेलं हलचं वजनही असंच. बेरजेपेक्षा काटा शंभर-दीडशे पौंड जास्त दाखवत असेल आणि बोट रिकामी असेल, तर ते पाणीच. ओला फोम काढणं म्हणजे डेक कापणं. मी अशी बोट नवख्याला घेऊ देणार नाही, मग कितीही कमीत मिळो.

मोटर

मोटर हा एकूण किमतीचा मोठा वाटा असतो, पण तिची तपासणी कुठल्याही आउटबोर्डसारखीच, म्हणून थोडक्यात. तुम्ही पोचायच्या आधी ती सुरू करू नका असं सांगून ठेवा. गेल्यावर झाकणावर हात ठेवून गार आहे ना बघा. नळीचं पाणी लावून गार सुरू करा. मागून पाण्याची पिचकारी जोरात आणि सलग आली पाहिजे. गिअरचं तेल खालच्या स्क्रूतून थोडं काढा: दुधाळ असेल तर सील गेलंय, चमकणारे कण असतील तर गिअर. कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरांत जवळपास सारखं हवं. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मेकॅनिकशिवाय निर्णय घेऊ नका. खाऱ्या पाण्यातली मोटर असल्याने गंज आपल्यावर घेणारे झिंकचे तुकडे आणि बोल्टांवरची पांढरी भुकटी बघा. मोटरची हॉर्सपॉवर क्षमतेच्या पाटीपेक्षा जास्त असेल तर विमा आणि सुरक्षितता दोन्ही अडचणीत येतात, आणि ट्रान्सम नेहमीच जास्त ताणलेली असते. मोटरच्या दांड्याची लांबी, पंधरा इंच की वीस, ट्रान्समच्या उंचीशी जुळते का तेही मोजा.

ट्रेलर

बोटीच्या नादात ट्रेलरकडे कुणी बघत नाही, आणि घरी नेताना टर्नपाइकवर तोच दगा देतो. टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांहून जुने टायर, नक्षी कितीही चांगली असली तरी, बदलायचे. एकेक चाक जॅकवर उचलून फिरवा. घरघर किंवा खडखड म्हणजे बेअरिंग. खाऱ्या पाण्यात बुडणाऱ्या ट्रेलरच्या पाटे-स्प्रिंगा आणि यू-बोल्ट आतून खातात, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. दिवे लागतात का आणि क्रमांक टायटलशी जुळतो का, एवढं झालं की पुरे.

पाण्यावर

पाण्यात न घालता पूर्ण पैसे देऊ नका. एकट्याने फेरी मारून काही कळत नाही, कारण शिकारीला बोट भरलेली असते. दोन माणसं बसवा, डेकॉयच्या पोत्यांइतकं वजन ठेवा आणि पाण्यापासून कडा किती उंच राहते ते बघा. एका बाजूला दोघे सरका. बोट पटकन कलली आणि पुढे कलत राहिली तर कुत्र्याच्या एका उडीने पाणी आत येईल. भरलेल्या वजनाने ती वेग घेऊन पाण्यावर चढते का, वळताना घसरते का, लाटेवर डेकमधून करकर आवाज येतो का, हे सगळं टिपा. सुरक्षेची दोरी ओढून मोटर बंद पडते का बघा. एप्रिल २०२१ पासून अशा लहान मोटरबोटींवर ती चालवणाऱ्याला जोडलेली असणं संघीय नियमाने बंधनकारक आहे. बाहेर काढल्यावर पुन्हा बूच उघडा. अर्ध्या तासात लोटाभर पाणी चालेल, बादलीभर नाही.

आता किंमत

जे. डी. पॉवरसारख्या भावसूचीत मोठ्या कारखान्यांच्या बोटी मिळतात. डक बोटी बहुतेक लहान लहान कारखान्यांतून निघालेल्या, त्यातले कित्येक आता बंद झालेत, त्यामुळे त्या सूचीत बऱ्याचदा नसतात. मग भाव स्वतःच बांधावा लागतो.

जाहिरातीतला आकडा हा मागितलेला भाव असतो, मिळालेला नाही. महिनाभर जाहिराती जपून ठेवा. आठवड्यात गेलेली बोट त्या भावाला योग्य होती. तीन महिने पडून असलेली नाही. त्याच लांबीच्या, साधारण तशाच वयाच्या चार-पाच बोटींवरून 'धडधाकट बोटीचा भाव' ठरवा आणि तिथून वजाबाकी सुरू करा.

पद्धत कळावी म्हणून आकडे धरून चालतो. ते बाजारभाव समजू नका. सोळा फुटी बोट, २५ हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटर, ट्रेलर, मागणी ७,५०० डॉलर. आसपासच्या जाहिरातींवरून अशी धडधाकट बोट ६,८०० ला जाते असं दिसलं. तपासणीत ट्रान्समचा खालचा भाग भद्द निघाला; यार्डने, म्हणजे बोटदुरुस्तीच्या कारखान्याने, बदलायचे २,००० सांगितले. टायर आणि बेअरिंग ३००, मोटरचा वॉटर पंप आणि सर्व्हिस २५०. उरले ४,२५०. ट्रान्सम ओली असली की तिला लागून असलेल्या आतल्या लाकडी आधारांतही पाणी गेलेलं असायची शक्यता असते आणि ते उघडल्याशिवाय कळत नाही. त्या धोक्याचे ५०० काढा. ३,७५० ही तुमची वरची मर्यादा. बोलणी ३,४०० पासून सुरू करा. दुरुस्तीचा आकडा मनाने धरू नका. बघायला जायच्या आधीच जवळच्या फायबरवाल्याला फोन करून ट्रान्समला, डेकच्या चौरस फुटाला काय घेतो ते विचारून ठेवा. स्वतः काम करणार असाल तर सामान थोडक्यात येईल, पण भाव करताना यार्डचाच आकडा धरा. तुमचे श्रम विक्रेत्याला फुकट द्यायचे कारण नाही.

ब्लाइंड, डेकॉय, गवताच्या चटया, जुनी बॅटरी असं 'सोबत देतो' म्हणतात. चांगला, घडी होणारा ब्लाइंड सोडला तर या कशाचे पैसे मोजू नका. नव्या रंगाचे तर नाहीच.

हल वाया गेलेलाच असेल तर हिशेब उलटा होतो. तेव्हा तुम्ही फक्त मोटर आणि ट्रेलर घेताय, आणि वर तो हल तोडून टाकायचा खर्च तुमच्या माथी. फायबर भंगारात विकत नाही, ते कचराडेपोत पैसे देऊन टाकावं लागतं. फुकट मिळणाऱ्या बोटीबद्दलही हेच लक्षात ठेवा.

बोलणी करताना आपली यादी विक्रेत्याला दाखवा, खडूने आखलेल्या जागा त्याच्यासमोर ठोकून ऐकवा. यातले बरेच जण म्हातारे शिकारी असतात, गुडघे गेले म्हणून बोट काढतात, आणि ती त्यांची फार लाडकी असते. बोटीला नावं ठेवू नका, नुसतं काय सापडलं ते सांगा. बहुतेक वेळा तेच म्हणतात, हो, तिथून मागे एकदा पाणी यायचं.

ठरलं की विक्रीपत्रात बोट, मोटर आणि ट्रेलर यांचे तिन्ही क्रमांक वेगळे लिहा, टायटलवर विक्रेत्याची सही तुमच्यासमोर घ्या आणि त्याच्या ओळखपत्राशी नाव जुळवा. कर्ज असेल तर ते फिटल्याचं पत्र हवं. न्यू जर्सीत बोटीवर विक्रीकर नेहमीच्या निम्मा, म्हणजे ३.३१२५ टक्के लागतो. मेरीलँडमध्ये ५ टक्के. नोंदणी आणि टायटल न्यू जर्सीत मोटर व्हेइकल कमिशनकडे, आणि मोटरबोट चालवायला बोटिंग सेफ्टी सर्टिफिकेट लागतं. त्या वर्गाला वसंतातच नाव घाला, उन्हाळ्यात जागा लवकर भरतात. बोट घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे बूच काढून ठेवणं आणि ट्रेलरचा पुढचा दांडा ठोकळ्यावर उंच करणं. आतलं उरलंसुरलं पाणी मागून निघून गेलं पाहिजे. मग एकेक स्क्रू काढून, भोक वाळवून, मरीन सीलंट लावून परत बसवायला घ्या. ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे.